आईला शुगर होती, म्हणजे मलाही होणारच ना?

या आठवड्यात नागपूरच्या मानेवाडा रोडवरून एका ताईंचं पत्र आलंय, नाव देऊ नका म्हणाल्या. पत्र मोठं आहे, मुद्द्याचं तेवढं देते:

"वय ४६. आई ६१ व्या वर्षी गेली, शुगरने किडन्या खराब झाल्या होत्या, शेवटी डायलिसिसवर होती. मावशीलाही शुगर. मागच्या महिन्यात मिस्टरांच्या कंपनीच्या कॅम्पमध्ये माझी तपासणी झाली, एचबीएवनसी ६.१ आलं, हिमोग्लोबिन ९.८. वजन ५८ किलो, उंची पाच फूट एक इंच, म्हणजे मी जाड पण नाही. कंबर ८९ सेंमी लिहिली आहे. आमच्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, दिवसातून चारदा साखरेचा चहा, जेवण झालं की गुळाचा खडा, कधी फिरायला म्हणून गेल्या नाहीत, तरी एक गोळी नाही. मिस्टर रोज तंबाखू-सुपारीचे दोन-तीन खर्रे खातात, त्यांची शुगर नॉर्मल. मग हे सगळं नशिबातच असतं ना? माझं होणारच असेल तर चहा-भात सोडून जीव कशाला जाळू? सकाळी पाचला उठते, मुलगी बारावीला आहे, मिस्टर सेकंड शिफ्टला असले की साडेअकराला घरी येतात, त्यांना वाढून मग मी जेवते, झोपायला साडेबारा. दिवसभर उभीच असते, तो व्यायाम नाही का? शेजारच्या काकू म्हणतात मेथीचं पाणी अन् जांभूळ-कारल्याचा ज्यूस सुरू कर, शुगर मुळापासून जाते."

ताई, पहिले हे ऐका, तुम्हाला शुगर झालेली नाही. ६.१ हा आकडा ५.७ ते ६.४ च्या पट्ट्यातला आहे, त्याला प्री-डायबेटिस म्हणतात, ६.५ अन् त्याच्या पुढे डायबेटिस. या पट्ट्यातले सगळेच पुढे जात नाहीत, काही जण वर्षानुवर्षं तिथेच राहतात, काही मागेही येतात, अन् कोण कुठे जाईल हे बऱ्याच अंशी रोजच्या जगण्यावर ठरतं. तुम्ही एकट्याही नाही, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली आलेल्या मोठ्या सर्व्हेप्रमाणे भारतात १३ कोटींच्या वर लोक याच पट्ट्यात आहेत.

पण रोजच्या जगण्यावर येण्याआधी तुमच्या रिपोर्टबद्दल एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, जी कॅम्पमध्ये कोणी सांगत नाही कारण तिथे पाठीमागे पन्नास लोकांची लाईन असते. एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजणं, साधारण मागच्या तीनेक महिन्यांचा हिशोब. आता ज्याच्या आधारावर मोजायचं तेच हिमोग्लोबिन तुमचं ९.८ आहे, बाईमाणसाला १२ तरी पाहिजे. लोह कमी असलं की हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो. अन् आपल्या विदर्भात अजून एक भानगड आहे, सिकलसेल. आपल्याकडे खूप घरांत सिकलसेलचा एक जनुक असतो, त्या माणसाला काही त्रास नसतो म्हणून माहीतही नसतं, पण एचबीएवनसीचा आकडा त्याच्यामुळे फसवा येऊ शकतो. म्हणून डॉक्टरकडे जाऊन उपाशीपोटी शुगर अन् ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर, अशी तपासणी करून घ्या. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा दोन तासांनी १४० ते १९९ आलं तर प्री-डायबेटिस पक्कं समजा. सोबत सिकलसेलची तपासणी सांगा, सरकारी दवाखान्यात होते. अन् हिमोग्लोबिन काऊन कमी आहे ते पण विचारा, या वयात पाळी जास्त जात असेल तर ते सांगायला लाजू नका, नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन कारण तसंच राहिलं तर काही उपयोग नाही. थकवा, दम लागणं, चिडचिड, यातलं बरंच काही त्या ९.८ मुळे असू शकतं अन् तुम्ही ते घरकामाच्या खात्यात टाकून मोकळ्या होत असाल.

आता नशिबाचं बोलू.

आईला शुगर असली की लेकीला धोका जास्त असतो हे खरं आहे, उगाच गोड बोलून तुम्हाला फसवणार नाही. पण धोका जास्त असणं अन् होणारच असणं यात लय फरक आहे. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जुळ्या भावंडांच्या जोड्यांचा अभ्यास झाला होता, १९९६ साली छापून आला. एकसारखे जुळे अन् साधे जुळे यांच्या मरणाच्या वयांची तुलना केली तर कोण किती जगतं यातल्या फरकांपैकी साधारण पाव हिस्साच आनुवंशिकतेच्या खात्यात गेला. नंतर वेगवेगळ्या संशोधकांनी हा हिस्सा कमी-जास्त धरला, वाद चालूच आहे, पण सगळंच रक्तात लिहिलेलं असतं असं त्यांच्यातलं कोणी म्हणत नाही. अन् अजून एक विचार करा, आईकडून आपल्याला नुसतं रक्त येत नाही, तिचा स्वयंपाक येतो, तिचं सगळ्यात शेवटी जेवणं येतं, दुखलं तरी न सांगणं येतं. आई अन् मावशी दोघींना शुगर होती तर दोघी एकाच घरात वाढल्या होत्या ना. यातलं रक्त बदलता येत नाही, बाकीचं येतं.

सासूबाईंचं उदाहरण मला दर दोन-चार पत्रांमागे एक येतं, आमचा आजा बिड्या ओढून नव्वद वर्षं जगला वगैरे. त्यांना एकदा निवांत बसवून विचारा की वयाच्या दहा ते पन्नासपर्यंतचा दिवस कसा जायचा. त्या पिढीच्या बहुतेक बायांनी जात्यावर दळलं, विहिरीवरून पाणी शेंदलं, धुणं नदीवर नेलं, वावरात निंदण केलं, सरपण डोक्यावरून आणलं. फिरायला गेल्या नाहीत कारण दिवसभर फिरूनच राहिल्या होत्या. अंधार पडला की जेवण अन् झोप, ज्वारीची भाकर, वरण, भाजी, गोड म्हणजे सणाला. चार कप साखरेचा चहा हा त्यांच्या आयुष्यात उशिरा आला, तोपर्यंत चाळीस-पन्नास वर्षांच्या मेहनतीचं शरीर तयार होतं. अन् दुसरं, तुमच्यासमोर सासूबाई बसलेल्या दिसतात, त्यांच्याच वयाच्या ज्या मैत्रिणी चाळिशीत-पन्नाशीत गेल्या त्या चहा प्यायला येत नाहीत, म्हणून त्यांची मोजदाद होत नाही. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशात सरासरी आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास होतं, लहान लेकरं अन् बाळंतिणी भराभर जायच्या, साथी यायच्या. त्यातून उरलेल्यांतल्या एक सासूबाई. एका माणसाकडे पाहून नियम काढायचा नसतो, त्यांच्याकडे पाहून आनंद माना, त्यांचा चहा बंद करायला जाऊ नका, पण तो तुमच्यासाठी परवाना नाही.

"मी जाड नाही" हे वाक्य मात्र मला जास्त टोचलं, कारण आपल्याकडच्या बाया इथेच फसतात. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २४ च्या थोडा वर येतो. परदेशी तक्त्यात तो नॉर्मल आहे, भारतीयांसाठी मर्यादा २३ धरतात. अन् कंबर, बाईसाठी ८० सेंमी, तुमची ८९. म्हणजे हातपाय बारीक अन् चरबी पोटात, हा आपला देशी बांधा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा विषय जगापुढे ठेवला. २००४ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात त्यांचा अन् लंडनच्या प्रोफेसर युडकिन यांचा एक फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के अन् याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर दोघं सारखेच, आतून वेगळे. म्हणून ताई, वजनाचा काटा सोडा, शिवणकामाचा टेप घ्या अन् दर महिन्याला बेंबीच्या उंचीवर कंबर मोजा. पोट आत न ओढता.

आता तुमचा खरा प्रश्न, जीव जाळून फायदा काय? हे लोकांनी मोजून पाहिलेलं आहे. चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमने तुमच्यासारख्याच प्री-डायबेटिस असलेल्या ५३१ भारतीय लोकांना घेतलं, तीन वर्षं पाहिलं, २००६ साली निकाल आला. ज्यांना नेहमीसारखाच सल्ला देऊन सोडलं त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत डायबेटिस झाला. ज्यांचं खाणं अन् चालणं नीट पाठपुरावा करून बदलवलं त्यांच्यात ३९ टक्के. म्हणजे शंभरातले १६ लोक वाचले, तेही तीनच वर्षांत, अन् तेही जिममध्ये न जाता. ३९ लोकांना तरीही झाला, हे पण सांगते, कारण उद्या सगळं करूनही आकडा वर गेला तर तुम्ही स्वतःला दोष द्याल अन् सगळं सोडून द्याल, तसं करू नका.

अन् ज्यांना झालाच त्यांना तरी मेहनतीचं काही मिळतं का? याचं उत्तर चीनच्या डाचिंग शहरातून आलंय. १९८६ साली तिथल्या प्री-डायबेटिसच्या लोकांना सहा वर्षं आहार-व्यायामाची सवय लावली, मग अभ्यास संपला, पण त्या लोकांवर नजर ठेवली अन् ३० वर्षांनंतर हिशोब केला. डायबेटिस सरासरी जवळपास ४ वर्षं पुढे ढकलला गेला, हार्ट अटॅक-पॅरालिसिस सारख्या घटना २६ टक्क्यांनी कमी, डोळे-किडनी-नसांचे त्रास ३५ टक्क्यांनी कमी, अन् आयुष्य सरासरी जवळपास दीड वर्षाने वाढलं. तुम्ही म्हणाल दीडच वर्ष? पण त्याच्या बाजूचा डोळे-किडनी-नसांचा आकडा पाहा ना. तुम्ही आईला डायलिसिसला नेलं आहे, आठवड्यातून दोन-तीनदा ते चार-चार तास, येताना रिक्षात तिची हालत, हे मी तुम्हाला काय सांगू. सत्तरीत स्वतःच्या पायाने जिना चढता येणं, दिसणं, स्वतःचं स्वतः करता येणं, माझ्यासाठी दीर्घायुष्याचा अर्थ हाच आहे, अन् रोजच्या सवयींचा सगळ्यात जास्त परिणाम नेमका तिथेच होतो.

तर करायचं काय. मला विचाराल तर तुमच्या बाबतीत सगळ्यात पहिले भात नाही, चहा नाही, रात्रीचं पावणेबाराचं जेवण अन् साडेबाराची झोप. साडेबारा ते पाच म्हणजे साडेचार तास. मोठ्या माणसाला किमान सात पाहिजेत. १९९९ साली शिकागोला ११ तरुण, धडधाकट मुलांना सहा रात्री फक्त चार तास झोपू दिलं, तेवढ्यानेच त्यांचं शरीर साखर पचवण्यात कच्चं पडायला लागलं, झोप भरून काढल्यावर परत सुधारलं. ते पंचविशीच्या आतले-बाहेरचे पोट्टे होते, तुम्ही ४६ च्या आहात, घरात शुगर आहे, अन् तुमचं हे सहा रात्रींचं नाही, वर्षानुवर्षांचं चालू आहे. वरून झोप कमी की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते अन् गोडच खावंसं वाटते, तुम्ही त्याला मनाचा कमकुवतपणा म्हणत असाल, तो झोपेचा हिशोब आहे.

नवऱ्याच्या आधी कसं जेवायचं, हे तुम्ही लिहिलं नाही पण मला पत्रात दिसलं. ताई, मुलीसोबत आठ वाजता बसून जेवा. मिस्टरांचं कॅसरोलमध्ये झाकून ठेवा, साडेअकराला आलेला माणूस स्वतःच्या हाताने ताट वाढून घेऊ शकतो, त्यात प्रेम कमी होत नाही. सासूबाई दोन दिवस बोलतील. तिसऱ्या दिवशी मिस्टरांनीच सांगावं की आई, मीच म्हटलं तिला झोपून जा म्हणून, हे पत्राचं उत्तर त्यांना वाचायला द्या. सोबत बसून जेवायचंच असेल तर सुट्टीच्या दिवशी सगळे एकत्र बसा, ते जास्त चांगलं. अन् दहा-साडेदहाला झोपलात तर पाचला उठूनही साडेसहा तास होतात, दुपारी वीस मिनिटं पाठ टेका, जमून जाते. सकाळच्या डब्याची भाजी रात्री मुलीने निवडून ठेवली तर बारावीचा अभ्यास बुडत नाही, दहा मिनिटांचं काम आहे.

खाण्याचं. चहा पूर्ण बंद करायचं मी म्हणत नाही. पण हिशोब करा, समजा दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, चमचा साधारण ४-५ ग्रॅमचा, म्हणजे ३० ते ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. दोन कप, कपाला एक चमचा, इथपर्यंत आणा, हळूहळू, महिनाभरात जीभ बदलते. गूळ टाकला म्हणून सुटका नाही, शुगरच्या दृष्टीने गूळ ही साखरच.

भात सोडू नका, ताटाची मांडणी बदला. अर्धं ताट भाज्या अन् कोशिंबिरीचं, उरलेल्यात अर्ध्यावर डाळ-उसळ-दही-अंडं, अन् अर्ध्यावर भात किंवा पोळी, दोन्ही नको. आपल्याकडे वरण पातळ पाण्यासारखं अन् भाताचा डोंगर असते, ते उलटं करा, वरण घट्ट, भात कमी. ज्वारीची भाकर चांगली, पण भाकरीने शुगर वाढत नाही समजून तीन-तीन खाऊ नका. अंबाडी, चवळी, मेथी, पालक, वांगं, ढेमसं, जे बाजारात स्वस्त आहे ते. जवसाची चटणी ताटात असू द्या. रविवारचे तर्री पोहे बंद करायला सांगणारा माणूस नागपुरात टिकणार नाही अन् मला ते सांगायचंही नाही, त्यातले चणे चांगलेच आहेत, चणे जास्त घाला, वरचा तेलाचा लाल तवंग कमी घ्या, पोहे अर्धे, अन् त्याच्यासोबत आलूबोंडा नको. संत्र्याच्या सिझनमध्ये संत्रं फोडून खा, ज्यूस काढू नका, ग्लासात चार संत्री जातात अन् चोथा राहतो बाहेर. सावजी कधीतरी महिन्यातून. बर्फी-सोनपापडी दिवाळीत घरात पडून असते अन् येता-जाता तोंडात जाते, खरं नुकसान त्या येता-जाताचं आहे.

अन् उरलेलं. हे मला प्रत्येक बाईला सांगावं लागते. दुपारी दोन पोळ्या उरल्या, वाटीभर भात उरला, टाकायचं पाप नको म्हणून तुम्ही खाऊन घेता, तुमचं पोट भरलेलं असताना. मुलीच्या डब्यातलं परत आलेलं पण तुमच्याच पोटात. अन्न वाया जाऊ नये हे बरोबर आहे, पण त्याचा उपाय कणीक कमी मळणं हा आहे. पंधरा दिवस मोजून करा, कोण किती खाते ते कळून जाईल, उरलेलंच तर सकाळी फोडणीची पोळी सगळ्यांनी वाटून खावी, एकटीने नाही.

मेथीचं पाणी प्यायचं तर प्या, त्याने नुकसान नाही. जांभूळ-कारल्याच्या बाटल्या, मुळापासून शुगर घालवणारे पावडरचे डबे, यात एक रुपया घालू नका. ज्या पैशात ती बाटली येते त्यात आठवडाभराची डाळ अन् अंडी येतात. मला याचा राग यासाठी येतो की बाटली आणली की माणसाला वाटते आपण काहीतरी केलं, अन् मग रात्री बाराचं जेवण तसंच चालू राहते.

दिवसभर उभं राहणं व्यायाम आहे का? अर्धा आहे. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर अन् कंडक्टर यांची तुलना केली होती, एकच बस, एकाच दर्जाची माणसं, पण ड्रायव्हर दिवसभर बसून अन् कंडक्टर तिकिटं फाडत जिने चढून-उतरून राहिला. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. म्हणजे कामात झालेली हालचाल मोजली जाते, त्यासाठी ट्रॅकसूट लागत नाही. डब्ल्यूएचओने २०२० च्या सूचनांमध्ये तर सलग दहा मिनिटांची अट पण काढून टाकली, दोन-दोन, पाच-पाच मिनिटांचं पण धरतात. तुमचं फरशी पुसणं, जिन्याने बादल्या नेणं हे त्यात येते. पण ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटण्याने श्वास वाढत नाही, पाय तेवढे दुखतात. आठवड्याला किमान १५० मिनिटं अशी पाहिजेत की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा दम लागलेला. रोजची पंचवीस मिनिटंही पुरतात. त्यातली दहा मिनिटं जेवणानंतर चाला, पायाचे स्नायू चालताना रक्तातली साखर ओढून घेतात, जेवणानंतर शुगर जी वर जाते ती कमी वर जाते, हे ग्लुकोमीटरवर तुम्ही स्वतः पाहू शकता. रात्री आठला जेवलात की मुलीला घेऊन गच्चीवर किंवा गल्लीतच चकरा मारा, तिचाही अभ्यासाचा ताण उतरतो, अन् आजी अन् आई दोघींकडून तिच्यापर्यंत जे आलंय त्याची काळजी तिने आतापासून घेतलेली बरी. त्यासाठी सिव्हिल लाईन्सच्या वॉकर्स स्ट्रीटवर किंवा फुटाळ्यावर जायची गरज नाही.

आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचं काहीतरी करा, हे बाया अजिबातच करत नाहीत. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या उचलणं. पाळी जायच्या वयात स्नायू अन् हाडं दोन्ही झपाट्याने उतरतात, अन् जेवढा स्नायू कमी तेवढी साखर साठवायला जागा कमी. सत्तरीत घरातल्या घरात पडून खुबा मोडणं टाळायचं असेल तर त्याची तयारी आत्ताच.

मिस्टरांची शुगर नॉर्मल आहे म्हणून खर्रा चालतो, असं नका समजू, खर्रा काय करतो ते शुगरच्या रिपोर्टमध्ये दिसतच नाही. तंबाखू तर आहेच, पण नुसती सुपारी पण कॅन्सर करते, डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच तिला पहिल्या गटात टाकलं आहे, म्हणजे पुरावा पक्का. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे अन् आपल्याकडे पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा मिळूनच राहिला आहे. आज संध्याकाळी त्यांना तोंड पूर्ण उघडायला सांगा अन् त्यांचीच तीन बोटं उभी आत जातात का पाहा. जात नसतील, तिखट लागल्यावर तोंडाची आग होत असेल, पांढरा चट्टा किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर मेडिकल चौकातल्या शासकीय दंत महाविद्यालयात घेऊन जा, वाट पाहू नका. सोडायचं मनावर घेतलं तर १८००११२३५६ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे, तिथे बोलून मदत करतात. सिगारेटवर इंग्लंडमध्ये डॉक्टरांचाच पन्नास वर्षं अभ्यास झाला, १९५१ पासून, त्यात सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले, पण पन्नाशीत सोडणाऱ्यांनी त्यातली सहा वर्षं परत मिळवली अन् साठीत सोडणाऱ्यांनी तीन. तो आकडा खर्ऱ्याचा नाही, पण "आता सोडून काय फायदा" म्हणणाऱ्या कोणालाही तो सांगावा असा आहे. अन् भांडून खर्रा सुटत नाही. त्यांनी तुमच्यासाठी ताट स्वतः वाढून घ्यायचं, तुम्ही त्यांना पहिले पंधरा दिवस बडीशेप-लवंग खिशात भरून द्यायची अन् चिडले तरी दुर्लक्ष करायचं, असं काहीतरी दोघांत ठरवा.

शेवटचं, पत्राच्या खाली तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय की भिशी बंद केली, वेळच मिळत नाही. ताई, ती परत सुरू करा. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी १४८ अभ्यास एकत्र केले, तीन लाखांवर माणसं, अन् ज्यांचं लोकांशी घट्ट नातं होतं त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा साधारण ५० टक्क्यांनी जास्त निघाली. तुमच्या पत्रात सगळ्यांसाठी काय करता ते आहे, तुम्ही कोणाशी बोलता ते कुठेच नाही. मी तर म्हणते भिशीच्या बायांनाच फिरायला बोलवा, प्रत्येकीच्या घरी कोणा ना कोणाला शुगर असणारच. पहिल्या आठवड्यात दोघीच आल्या तरी निघा. आता गरमी वाढून राहिली आहे, तर सकाळचा डबा भरून सातला निघणं जमत असेल तर जून लागेपर्यंत ते नको, पारा पंचेचाळीसला जातो अन् सातलाच ऊन चटकते, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर पहाटे साडेपाचला नाहीतर रात्री आठनंतरच, पाण्याची बाटली हातात, अन् गरगरल्यासारखं झालं तर त्या दिवशी घरी परत या, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.